ज्याचं जळतं त्यालाच कळतं? एका ऑक्टोपसच्या वेदनेचं प्रकरण

एका छोट्या ऑक्टोपसच्या भुजेत, कातडीच्या लगेच खाली, अ‍ॅसेटिक आम्लाचं सौम्य द्रावण टोचलं जातं. हे व्हिनेगरमधलंच आम्ल, प्रमाण अर्धा टक्का. सुई निघते आणि पुढची वीस मिनिटं तो प्राणी एका कप्प्यात एकटा असतो. तो ती भुजा वळवतो, टोचलेली जागा तोंडाशी आणतो आणि आठही भुजांच्या मधोमध असलेल्या चोचीने तिथली कातडी कुरतडू लागतो. थोडा वेळ करून सोडून देत नाही, करतच राहतो. शेवटी नेमक्या तेवढ्याच जागेवरची कातडी निघून येते. ज्यांना आम्लाऐवजी नुसतं खारं पाणी टोचलं होतं, ते ऑक्टोपस यातलं काहीही करत नाहीत.

हा प्रयोग सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रॉबिन क्रुक यांचा. २०२१ साली तो 'आयसायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्राणी होता ऑक्टोपस बॉकी, पॅसिफिक महासागरातली एक बुटकी जात. ऑक्टोपसच्या हुशारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो: बरणीचं झाकण उघडणं, टाकीतून पळून जाणं, नारळाच्या करवंट्या सोबत घेऊन फिरणं. त्या गोष्टी मलाही आवडतात. पण जाणिवेच्या प्रश्नावर मला त्या सगळ्यांपेक्षा हा साधा, काहीसा क्रूर प्रयोग जास्त वजनदार वाटतो. झाकण उघडण्यात किती अक्कल लागते हे मोजता येईल. पण उघडताना आत कुणी 'असतं' का, हे त्यातून कळत नाही. दुखण्याचं तसं नाही. दुखणं हे कुणाला तरी दुखत असतं.

अडचण नेमकी कुठे होती

गरम भांड्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि 'आई गं' नंतर निघतं. हात मागे घेण्याचा हुकूम मणक्यातूनच सुटतो. चटका बसल्याची जाणीव मेंदूत थोडी उशिरा पोचते. म्हणजे इजा ओळखणं आणि ती टाळणं ही कामं जाणिवेशिवायही उरकता येतात. अमीबासुद्धा त्रासदायक रसायनापासून दूर सरकतो. म्हणून एखादा प्राणी झटकन मागे सरला, आकसला, शाई सोडून पळाला, एवढ्यावरून त्याला दुखलं असं शास्त्रज्ञ म्हणू शकत नाहीत.

ऑक्टोपसच्या बाबतीत ही अडचण दुपटीने वाढते, कारण त्याच्या मज्जासंस्थेची मांडणीच वेगळी. त्याच्याकडे साधारण ५० कोटी चेतापेशी आहेत, म्हणजे जवळपास कुत्र्याच्या पंगतीत बसेल इतक्या. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश डोक्यात नाहीतच, त्या भुजांमध्ये पसरलेल्या आहेत. प्रत्येक भुजेच्या मधून एक जाड चेतारज्जू जातो आणि प्रत्येक चूषकाला, म्हणजे भुजेवरच्या चिकटून धरणाऱ्या वाटीला, स्वतःचा चेतापेशींचा पुंजका असतो. चूषक स्पर्श ओळखतात, चवही ओळखतात. त्यामानाने भुजा आणि मेंदू यांना जोडणारे तंतू थोडे. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा बसलेला. प्रत्येक घास त्याच्या मधूनच खाली जातो.

या मांडणीमुळे भुजा पुष्कळ काम आपल्या आपण करते. शरीरापासून वेगळी केलेली भुजासुद्धा काही काळ हालचाल करते आणि तिच्यावर त्रासदायक काही लावलं तर ती मागे सरते. मेंदूशी संबंधच तुटलेला असताना! मग आपल्यासमोर जो ऑक्टोपस आम्लाच्या जागेवर चोच लावून बसला आहे, त्यात नक्की काय चाललंय? भुजा आपला स्थानिक बंदोबस्त करते आहे की ऑक्टोपसला, त्या सबंध प्राण्याला, दुखतं आहे?

मला हाच या प्रकरणाचा गाभा वाटतो. माणसाच्या बाबतीत 'पायाला लागलं' आणि 'मला लागलं' ही दोन वाक्यं आपण एकाच श्वासात म्हणतो. ऑक्टोपसच्या बाबतीत ती एकच आहेत हे सिद्ध करावं लागतं.

तीन कप्पे

क्रुक यांनी वापरलेली पद्धत नवी नव्हती. उंदीर-घुशींवर वेदनाशामक औषधं तपासताना ती अनेक वर्षं वापरली जाते. कल्पना सोपी आहे: प्राणी बोलू शकत नाही, पण कुठे जायचं आणि कुठे जायचं नाही हे तो ठरवू शकतो. त्याला जागा निवडू द्या आणि त्याची निवड वाचा.

एकमेकांना जोडलेले तीन कप्पे, भिंतींवर वेगवेगळी नक्षी. बहुतेक ऑक्टोपस रंगांध असतात, त्यामुळे खूण रंगाची ठेवून चालत नाही, ती आकृतीचीच हवी. आधी ऑक्टोपसला मोकळं फिरू दिलं आणि कोणत्या कप्प्यात तो जास्त रमतो हे पाहून ठेवलं. मग त्याच्या आवडत्या कप्प्यातच, आम्ल टोचून, त्याला वीस मिनिटं कोंडलं. नंतर पुन्हा मोकळं सोडलं. या वेळी सुई नाही, नवं आम्ल नाही, काही नाही. फक्त ते तीन कप्पे.

ज्यांना आम्ल टोचलं होतं ते आपल्या आवडत्या कप्प्याकडे पाठ फिरवू लागले. खाऱ्या पाण्यावाल्यांच्या आवडीत फरक पडला नाही. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसा हा प्रकार. आणि पोळलं होतं एकदाच.

इथे भुजेवाल्या शंकेला पहिला तडा जातो. भिंतीवरची नक्षी डोळ्यांनी दिसते. डोळ्यांमागे मोठे दृष्टिपिंड आहेत, ते मेंदूला जोडलेले आहेत. भुजेत जे घडलं आणि डोळ्यांना जे दिसलं त्यांची गाठ कुठेतरी मारली गेली, ती गाठ टिकली आणि पुढे संपूर्ण प्राण्याने कुठे वावरायचं हे तिने ठरवलं. एकटी भुजा हे करू शकत नाही.

तरीही एक पळवाट उरतेच. 'इथे इजा झाली होती' अशी थंड नोंद ठेवूनही जागा टाळता येते. नोंद आहे, पण दुखणं नाही, असं कुणी म्हणू शकेल. म्हणून प्रयोगाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

सुटका ओळखणारा प्राणी

दुसऱ्या भागात आम्ल टोचून झाल्यावर त्याच जागी लिडोकेन दिलं. दात काढताना हिरडीत देतात तेच हे, जागा बधिर करणारं औषध. ते देऊन ऑक्टोपसला ठेवलं त्याच्या नावडत्या कप्प्यात. नंतर मोकळं सोडल्यावर हे ऑक्टोपस त्या नावडत्या कप्प्याकडे ओढले गेले. जिथे ठसठस थांबली होती ती जागा त्यांना हवीशी झाली.

लिडोकेनलाच काही गोडी असेल अशी शंका घ्यायला जागा होती. ती तपासली गेली. ज्यांना आम्ल न देता नुसतं लिडोकेन दिलं त्यांना त्या कप्प्याची कसलीच ओढ लागली नाही. म्हणजे औषध आपण होऊन सुखद नव्हतं. दुखत असेल तरच त्याला किंमत होती.

डोकं ठणकत असताना गोळी लागू पडते तो क्षण आठवून पाहा. त्या क्षणी जे हायसं वाटतं, ते आधीच्या ठणक्यावरच उभं असतं. ठणका नसता तर त्या गोळीचं काय कौतुक? ऑक्टोपसच्या वागण्यात नेमका हाच आकार दिसतो. त्या वीस मिनिटांत प्रतिक्षिप्त क्रिया एकदाच घडून संपत नाही. काहीतरी सलग चाललेलं असतं, नकोसं असतं, आणि ते थांबलं की ते थांबणंच हवंसं असतं. सलग चालणारं आणि नकोसं असणारं, या दोन विशेषणांना एकत्र आणलं की त्याला वेदना म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, मला सुचत नाही. आपला 'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला आहे, म्हणजे जाणणे. शब्दातच जाणीव बसलेली आहे.

तिसरा भाग तारेला कान लावण्याचा. भुजांकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेताजोडण्यांमधली विद्युत हालचाल नोंदवली गेली. आम्ल टोचल्यावर तिथे संदेशांचा ओघ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. टोचलेल्या जागी लिडोकेन देताच तो शांत झाला. भुजेतली खबर भुजेतच जिरत नाही, ती वर पोचते, आणि औषधाने ती थांबते. कप्प्यांमधल्या वागण्याशी हे तंतोतंत जुळतं.

कातडी कुरतडण्याबद्दल एक गोष्ट राहिली. दुसऱ्या एका जातीच्या ऑक्टोपसवर, अ‍ॅब्डोपस अ‍ॅक्युलिएटसवर, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भुजेला चिमटून जखम केली होती. तेव्हा त्या प्राण्यांनी जखमेवर चोच धरून ठेवली आणि शेजारच्या भुजा तिच्याभोवती गुंडाळल्या. आपण ठेचाळलेलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरतो तसंच. आम्लाच्या जागेची कातडी मात्र खरवडून काढली गेली. म्हणजे चिरडल्याचं दुखणं आणि आम्लाची आग यांवर वेगवेगळे इलाज. फक्त 'इजा : आहे / नाही' अशी खूण मिळत असती तर हा फरक कुठून आला असता?

आक्षेप, ज्यांना मी हलकं मानत नाही

प्रयोगातले प्राणी थोडे होते आणि जात एकच होती. शिवाय शिकणं, टाळणं, निवडणं यांतलं प्रत्येक काम जाणिवेशिवाय करणारं यंत्र तत्त्वतः बनवता येईल. बाहेरून दिसणाऱ्या कोणत्याही वागण्यावरून आतल्या अनुभवाचा शंभर टक्के पुरावा मिळत नाही, हे मला मान्य आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे शेवटी खरंच.

पण हा आक्षेप प्रामाणिकपणे पुढे नेला तर तो ऑक्टोपसपाशी थांबत नाही. तान्ह्या बाळाला दुखतं हेही आपण त्याच्या वागण्यावरूनच ओळखतो. उंदराने याच पेटीत याच प्रकारे वागून दाखवलं तर आपण वेदनाशामक औषध उपयोगी आहे असं म्हणतो आणि त्या भरवशावर ते माणसाला देतो. उंदरासाठी जो पुरावा पुरतो तो ऑक्टोपससाठी अपुरा का? एकच प्रामाणिक उत्तर संभवतं: उंदराचा मेंदू आपल्यासारखा आहे, ऑक्टोपसचा नाही. आणि या उत्तरापाशी प्रश्न प्रयोगशाळेतून निघून उत्क्रांतीच्या दारात जातो.

एकच गोष्ट दोनदा?

आपला आणि ऑक्टोपसचा शेवटचा सामाईक पूर्वज ५५ कोटी वर्षांपेक्षाही जुना. तो बहुधा लहानसा, किड्यासारखा प्राणी होता. त्याची मज्जासंस्था असलीच तर अगदी साधी असणार. त्याच्यानंतर दोन वाटा फुटल्या. एका वाटेने मासे, सरडे, पक्षी, आपण. दुसऱ्या वाटेने गोगलगायी, शिंपले, आणि त्यांच्यातच ऑक्टोपस, माकूळ आणि कटलफिश. ऑक्टोपसच्या डोळ्याला आपल्यासारखंच भिंग आणि पडदा आहे, तरी तो स्वतंत्रपणे घडला. त्यात चेतातंतू पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे आपल्या डोळ्यात असलेला अंधबिंदू त्याच्या डोळ्यात नाही. डोळा दोनदा घडू शकतो हे कळल्यावर, दुखणं दोनदा घडू शकतं का हा प्रश्न अपरिहार्य होतो.

या दुसऱ्या वाटेवरचे सगळे मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाचे प्राणी, असे झाले नाहीत. शिंपल्याला डोकंच नाही. मग ऑक्टोपसच्या वाट्याला एवढा मेंदू का आला? याचं सर्वात पटणारं कारण कवचाशी जोडलेलं आहे. त्याच्या पूर्वजांना कवच होतं. या वंशाने ते सोडलं. कवच सोडलेला प्राणी कुठल्याही फटीत शिरू शकतो, शिकार करत हिंडू शकतो. पण तो म्हणजे चालतंबोलतं मांसही. मासे, सील, डॉल्फिन, सगळ्यांना तो हवा असतो. त्याला लपावं लागतं, रंग बदलावा लागतो, जागा लक्षात ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येक चुकीची किंमत अंगावर मोजावी लागते. अशा उघड्या शरीराला जखमेची आठवण ठेवणं परवडतं, न ठेवणं परवडत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. क्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माकूळवर केलेला एक प्रयोग याच ठिकाणी बसतो. काही माकुळांच्या एका भुजेचं टोक कापलं आणि त्यांना ब्लॅक सी बास या शिकारी माशासमोर सोडलं. जखमी माकूळ माणसाच्या डोळ्याला धडधाकट दिसत होते, पण मासा जखमींनाच हेरून पाठलाग करत होता. जखमी माकूळही जास्त सावध झाले होते. ते लवकर बचाव सुरू करत होते. मग काही माकुळांना टोक कापताना भूल दिली, म्हणजे जखम तीच, पण तिच्यामुळे येणारी अतिसंवेदनशीलता आली नाही. हे माकूळ जास्त मारले गेले. जखमेनंतरचं हळवेपण प्राण वाचवतं, याचा इतका थेट पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

यावरून वेदनेची जाणीव दोनदा उपजली असं ठामपणे म्हणता येतं का? मी म्हणणार नाही. त्या किड्यासारख्या पूर्वजात तिचं काही बीज असेल आणि दोन्ही वाटांनी ते वेगवेगळं वाढवलं असेल, हेही शक्य आहे. मला खात्री वाटते ती याची, की आपल्यासारखा मेंदू असणं ही वेदनेची अट नाही. मेंदूचे जे भाग माणसात वेदनेशी जोडले जातात त्यांतला एकही भाग ऑक्टोपसकडे नाही, आणि तरी तो सुटकेची जागा ओळखतो. एक मात्र थक्क करतं: एवढा सारा खटाटोप एका-दोन वर्षांच्या आयुष्यासाठी. बहुतेक जाती तेवढंच जगतात.

प्रयोगशाळेबाहेर

२०१२ मध्ये केंब्रिज इथे काही मेंदूशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या जाणिवेबद्दल जाहीरनामा काढला, त्यात सस्तन प्राणी आणि पक्ष्यांबरोबर ऑक्टोपसचं नाव मुद्दाम घेतलं होतं. युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशातच संशोधनात वापरल्या जाणाऱ्या शीर्षपादांना, म्हणजे ऑक्टोपस-माकूळ वर्गाला, संरक्षण दिलं होतं.

ब्रिटनमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. सरकारच्या सांगण्यावरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाने ३०० हून अधिक अभ्यास तपासले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यांनी आठ निकष लावले होते: इजा ओळखणारे चेताग्र आहेत का, ते मेंदूच्या माहिती एकत्र करणाऱ्या भागांशी जोडलेले आहेत का, जखमेची काळजी घेतली जाते का, जखमी असताना वेदनाशामकाला किंमत दिली जाते का, असे. हा शेवटचा निकष म्हणजे क्रुक यांचा लिडोकेनवाला कप्पाच. ऑक्टोपस आठपैकी सात निकषांवर भक्कम उतरला. २०२२ च्या प्राणीकल्याण (संवेदनक्षमता) कायद्यात शीर्षपाद आणि खेकडे-झिंगे वर्गातले दशपाद समाविष्ट झाले. म्हणजे धोरण ठरवताना त्यांना काय सोसावं लागेल याचा विचार व्हायला हवा, इतकी नोंद तरी कायद्याच्या पुस्तकात झाली.

अमेरिकेत, जिथे हा प्रयोग झाला, तिथल्या राष्ट्रीय प्राणीकल्याण कायद्यात अपृष्ठवंशी प्राणी अजून नाहीत. पण २०२४ मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली. स्पेनच्या कॅनरी बेटांवर अशी शेती उभारण्याची योजना एका कंपनीने आखली आणि तिला मोठा विरोध झाला. एकेकटं राहणाऱ्या, भिंती चाचपून वाट शोधणाऱ्या प्राण्याला टाक्यांमध्ये दाटीने वाढवायचं, या कल्पनेनेच माझ्या पोटात कालवतं. बंदी योग्य आहे असं मला वाटतं.

प्रयोगशाळांमध्ये मात्र रोजचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो भुलीचा आहे. मॅग्नेशियम क्लोराइड किंवा अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात ठेवलं की शीर्षपाद निपचित पडतात. पण निपचित पडणं आणि भूल चढणं एक नव्हे. हलता न येणाऱ्या पण सगळं जाणवणाऱ्या प्राण्यावर आपण सुरी चालवत असू, ही भीती अनेकांना होती. २०१८ मध्ये क्रुक यांच्याच प्रयोगशाळेने चेतातंतूंमधली हालचाल नोंदवून दाखवलं, की ही दोन्ही द्रव्यं मेंदूकडे जाणारे संदेशही थांबवतात. ती खरीखुरी भूल आहे.

आठ निकषांपैकी जो एक पूर्ण खात्रीने सुटला नाही, तो आहे तडजोडीचा. दुखणं एका पारड्यात, भूक किंवा आसरा दुसऱ्या पारड्यात, आणि प्राणी दोन्ही तोलून निर्णय घेतो का? हे पडताळायचं तर काळजीपूर्वक आखलेला प्रयोग हवा, वेगवेगळ्या तीव्रतेचं दुखणं हवं आणि पुष्कळ प्राणी हवेत. प्रयोग करण्यासारखा आहे, त्यातून नवं काही कळेलही. पण त्यासाठी आणखी कित्येक भुजांमध्ये सुई जाईल आणि आणखी कित्येक ऑक्टोपस वीस-वीस मिनिटं आपलीच कातडी सोलत बसतील. तो एक निकष रिकामा ठेवून पुढे जायला मी तयार आहे.